मागून सांगतो

१७ जाने., शनि.
'कथानक' रेकॉर्ड झालं. तीन मिनिटं वीस सेकंद. खरा खर्च लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी फुशारीत हो म्हणणार नाही. सकाळ पूर्ण गेली. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला हात जोडून पट्टा थांबवला. दोन बाया दळण घेऊन परत गेल्या, जाताना मला ऐकवून गेल्या. बायकोचा, निर्मलाचा, कुकर दुसऱ्या शिट्टीला उतरवला, जेवताना तुरीची डाळ दाताखाली कचकच. फ्रिजची वायर काढली ती लावायची राहिली, त्याबद्दल वेगळं ऐकलं. आणि कोणाचा तरी कोंबडा. त्याच्यापायी चार वेळा पहिल्यापासून.

काम प्रज्ञाचं. हायस्कूलमध्ये मराठी मीडियमच्या दहावीला शिकवते, अकरा पोरं. राज्य तेलुगू, म्हणून तेलुगू मीडियमला गाईडांचा ढीग, मराठीला एक नाही. म्हणून शब्दांची यादी करून माझ्या लाउडस्पीकरच्या दुकानात आली: कथानक, पात्र, स्थळ-काळ, संघर्ष, पूर्वसूचना, दृष्टिकोन, निवेदक, उत्कर्षबिंदू, शेवट. प्रत्येकाचं दोन-चार मिनिटांचं रेकॉर्डिंग, पोरं मोबाईलवर ऐकतील. "काका, तुमचा आवाज पोराइले पाठ आहे. तुमी सांगतलं तं डोक्यात बसते." आणि उदाहरण सगळ्याला एकच घ्यायचं, तलावाची गोष्ट. ती कोणाला माहीत नाही?

मी सांगितलं: कथानक म्हणजे मांडवाचे खांब. लोक कापड पाहतात, झालर पाहतात. पण एक खांब काढला की सगळं वऱ्हाड कापडाखाली.

मग गोष्ट. वरच्या तलावाचा बांध खचला, मी सरकारी जीपला भोंगा बांधून निघालो, तीन भाषांत ओरडलो, एकतीस घरांची खालची वस्ती एका आवाजात रिकामी केली. दुकानाच्या पाटीवरही तेच आहे, तीन भाषा एक आवाज. सायकलला एक भोंगा बांधून सुरुवात केलेला माणूस. आज बारा भोंगे, दोन मोठे सेट, आणि कान असे की दारात कोणी चप्पल काढली तर न पाहता नाव सांगतो.

१८ जाने., रवि.
'पात्र'. पात्र म्हणजे ज्याला काहीतरी पाहिजे आहे तो. ज्याला काहीच नको तो माझ्या दुकानात येत नाही आणि गोष्टीतही.

प्रज्ञानं पात्रांची यादी स्वतः लिहून दिली होती. सुखदेव (नायक), म्हणजे मी. गिरदावरसाहेब (महसूलचे अधिकारी). वस्तीतले लोक. खाली चौथं: 'शेवंताबाई, हट्टी म्हातारी. सगळे निघाले, ती निघाली नाही.'

शेवंताबाई म्हणजे तिची सख्खी आजी. शाळेतला एखादा धडा लिहावा तसं लिहिलं आहे पोरीनं. तिचा दोष नाही. घरात जे ऐकलं ते.

चार वाजता उत्तम आला, प्रज्ञाचा बाप. आम्ही दोघं त्याच वस्तीत, एका पाटीवर शिकलो. भैंशा गावी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नोकरी केली त्यानं, आता घरी. रोज चारला चहा माझ्याकडे, डावा पाय घासत येतो, वळणावरूनच ऐकू येतो. कागद वाचला. "बरोबर लिहलं पोरीनं," म्हणाला. "शंभर लोक निंगाले, एक आमचीच माय बसून राह्यली. बकरीसाठी." चहा बशीत ओतला. 

तिचा फोटो त्याच्या घरात भिंतीवर नाही. पेटीत आहे, लुगड्यांखाली. एकवीस वर्षं.

२० जाने., मंगळ.
'स्थळ-काळ' रेकॉर्ड केलं. ऑगस्टचा महिना, सोयाबीन कमरेएवढं, चार दिवस सूर्य नाही. नाल्याच्या काठी खालची वस्ती, शेवटी एकटं कडुनिंबाचं झाड, त्याच्या पलीकडे शेवंता मावशीचं घर.

हेडफोन लावून ऐकलं. 'पलीकडे' म्हणून मी थांबलो तिथं मागं कोणीतरी घसा साफ केला.

निर्मला नाही, ती बाजारात. गिरणी बंद. मी नाही, माझा घसा मी ओळखतो. बोलण्याआधी घशातल्या घशात एक 'हां' यायचा, असं एकच माणूस करत होतं.

पुन्हा रेकॉर्ड केलं. पुन्हा तिथंच.

२१ जाने., बुध.
वायर बदलली. माईक बदलला. अर्थिंग तपासलं. ॲम्प्लिफायरची घरघर असते, ती वेगळी. ही घरघर नाही.

निर्मलाच्या कानाला हेडफोन लावले. डोळे मिटून ऐकलं तिनं, शहाण्यासारखं. "चिमणी आहे." चिमणी आहे, ती मलाही ऐकू येते. "अन् मागं?" "मागं काय, तुमीच श्वास घेऊन राह्यले."

२२ जाने., गुरु.
आज न बोलता रेकॉर्ड केलं. एक मिनिट नुसतं. माईक चालू, मी खुर्चीत हात मांडीवर ठेवून.

ऐकलं. अठ्ठावीस सेकंदांवर घसा. मग एकतिसाव्याला, लांबून, दारातून यावं तसं:

काय सांगून राह्यला रे सुख्या?

फाईल पुसली. दुपारी लग्नाच्या सेटचं बोलायला बाजारहत्नूरचे लोक आले, त्यांना काय भाव सांगितला तो आता आठवत नाही. कमीच सांगितला असणार, खुशीत गेले.

२३ जाने., शुक्र.
प्रज्ञा शाळा सुटल्यावर आली. 'दृष्टिकोन' शिकवायचा आहे. पोरांना कळत नाही म्हणाली, म्हणून एकच प्रसंग दोन बाजूंनी सांगा. पहिल्यांदा जीपमधून, मग आजीच्या दारातून. अर्धा मिनिट बस.

मी म्हटलं, तिच्या दारातलं मला काय माहीत?

"अंदाजानं सांगा, काका. तिले ऐकू तं आलंच असन ना? भोंगा दारावरून गेला."

हो म्हटलं. ऐकू आलं असन.

ती गेल्यावर माईकसमोर बसलो. जीपमधून: चाळीस सेकंद, एका दमात, बाविसाव्यांदा सांगतो तसं. दारातून: 'मी शेवंता' एवढं म्हणालो आणि माझाच आवाज मला परका वाटला. बटण बंद केलं.

२४ जाने., शनि.
वही माझी, वाचणार मी. तरी पेन अडतं. लिहूनच टाकतो, जसं झालं तसं.

बांध खचला, घरं सोडा, असा कागद ऑफिसातून तेलुगूत आला होता. सगळे कागद तेलुगूतच येतात. मी तेव्हा नवा नवा तेलुगू वाचायला शिकलो होतो, बाजारातल्या पाट्या वाचून वाचून, कोणी न शिकवता. पद्धत आमची अशी की कागदावर आहे ते आधी तेलुगूत वाचायचं, मग जीप वळवून येताना मराठीत, मग हिंदीत. जाताना एक, येताना दोन. अजूनही तसंच करतो.

गिरदावरसाहेब जीपमध्ये शेजारी. पहिल्यांदा एवढा मोठा माणूस माझं काम ऐकत होता. 'अंदरिकी तेलियजेयुनदि एमनगा' असं खणखणीत सुरू केलं, सर्वांना कळवण्यात येते की. एक अडखळ नाही. साहेब म्हणाले, बागा चदिवावु. चांगलं वाचलंस. मला अजून त्या दोन शब्दांचा सूर आठवतो.

खालच्या वस्तीत शिरलो. माझी वस्ती. बऱ्याच दारांना कड्या होत्या, वाटलं लोक शेतात असतील. मावशी दारात आली. लहानपणी मला भाकरी दिलेली बाई, तिला तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं, हे मला माहीत नसेल तर कोणाला असेल. भोंग्याकडे पाहून हसली. मी जीपमध्ये साहेबाजवळ बसलेला म्हणून हसली. घसा साफ केला.

"काय सांगून राह्यला रे सुख्या?"

साहेबासमोर मला वस्तीतल्या बोलीत ओरडायची लाज वाटली. दुसरं काही कारण नाही. मी म्हटलं, "सरकारी आहे, मावशी. मागून सांगतो." आणि कागद दुसऱ्यांदा वाचला. तेलुगूत.

वस्तीच्या टोकावरून साहेबानं जीप सरळ पुढच्या गावाला घ्यायला लावली. वेळ नाही, अजून तीन गावं आहेत. येताना झालंच नाही. बाकीच्यांना बाजारापुरती तेलुगू येते, ते समजून निघाले असं मी धरून चाललो.

पाणी पाचला आलं. मावशी तिसऱ्या दिवशी बाभळीत सापडली.

ही गोष्ट मी बावीस वेळा सांगितली. हे कधी सांगितलं नाही.

२५ जाने., रवि.
'उत्कर्षबिंदू'. प्रज्ञाच्या कागदावर: पाणी येते तो क्षण.

नाही. मी सांगतो कोणता. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सगळी वस्ती जमलेली, गाठोडी, कोंबड्या, पोरं. कोणीतरी म्हणालं आपला सुख्या आला होता भोंगा घेऊन. कोणीतरी हार आणला. भैंशाहून उत्तम आला, चिखलात भरलेला, सगळ्यांची तोंडं पाहत. माझ्याजवळ येऊन विचारलं, "मायले सांगतलं होतं ना?"

मी म्हटलं, "सांगतलं."

एक शब्द. पाणी त्यानंतर काय करणार होतं?

२६ जाने., सोम.
शाळेत झेंडा. शाल, नारळ. दरवर्षीप्रमाणे माईक माझ्या हातात दिला, दरवर्षीप्रमाणे मी म्हटलं आता काय बोलू, आणि बोललो. उत्तम शेवटच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर.

'तीन भाषांत' म्हणालो आणि माईकनं शिट्टी मारली. माझीच चूक, जाळीवर हात दाबला होता, शिकाऊ माणूस करतो ती. पोरं हसली. मी पण हसलो. पूर्ण गोष्ट सांगितली, नेहमीच्या शेवटासकट. टाळ्या.

टाळ्यांमध्येसुद्धा घसा.

२८ जाने., बुध.
काही नाही. कापूस खरेदी केंद्राच्या टोकनांची अनाउन्समेंट, तीन भाषांत, मराठी आधी. साहेब लोक नव्हते.

२९ जाने., गुरु.
'पूर्वसूचना'. माझी व्याख्या: आधी दिसतं, पण कळत नाही, कळतं तेव्हा मागं जाऊन पाहावं लागतं. उदाहरणाला दारांच्या कड्या म्हणालो. का म्हणालो माहीत नाही, तेच तोंडात आलं.

चारला उत्तम आणि प्रज्ञा दोघं आले, भांडतच. प्रज्ञाला आजीचा फोटो पेटीतून काढून भिंतीला लावायचा आहे. गोष्ट शिकवता शिकवता तिला वाटलं. उत्तम नाही म्हणतो.

"बाबा, एवढा राग मेलेल्या माणसावर?"

"राग नाही. सारा गाव निंगाला. हा बोंबलून बोंबलून गेला दारावरून. तिनं ऐकलं अन् बसून राह्यली. मी भैंशाहून पळत आलो तं मह्यासाठी काय ठेवलं तिनं? फोटो लावू अन् रोज इचारू काय, काऊन नाही निंगाली म्हणून?"

प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती, मी काही म्हणेन म्हणून. मी गिरणीकडे पाहिलं. पट्टा चालू होता. एरवी मी त्याला शिव्या देतो.

३१ जाने., शनि.
निर्मलानं विचारलं, जेवत काऊन नाही. सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाली, पहिल्यांदा सांगितलं. तिनं ताटातला हात तसाच ठेवला, भात वाळेपर्यंत. मग म्हणाली, मावशी माझ्या हळदीला आली होती, तिनंच बांगड्या भरल्या होत्या.

 ताट उचलताना माझ्याकडे पाहिलं नाही.

१ फेब्रु., रवि.
'निवेदक' रेकॉर्ड केलं. एकदाच. कोंबडा आला तरी थांबलो नाही.

निवेदक म्हणजे जो गोष्ट सांगतो तो. पोरांनो, त्याला विचारायचं की तू कुठं उभा होतास. काय ऐकलंस आणि काय ऐकून सोडून दिलंस. माईक ज्याच्या हातात त्याचाच आवाज मोठा येतो, दुसऱ्याचा मागं राहतो. त्यानं सांगितलं नाही म्हणजे झालं नाही असं नसतं. आता हीच गोष्ट पुन्हा ऐका. आणि सांगितली. गिरदावर, कागद, मावशी, तिचा प्रश्न, माझं उत्तर, व्हरांडा. चार मिनिटं दहा सेकंद.

निर्मलानं ऐकलं. म्हणाली, "हे आधी उत्तमभाऊले. पोराइले नंतर." मी म्हटलं, प्रज्ञाला पेनड्राइव्ह दिला की ती घरी ऐकवेलच. "म्हणजे पुन्हा भोंग्यातूनच सांगता."

वीस वर्षं माझ्या दुकानात बसलेली बाई आहे, कुठं दाबायचं ते तिला कळतं.

३ फेब्रु., मंगळ.
उत्तम आला. चहा. कापसाचं, थंडीचं, प्रज्ञाच्या बदलीचं. तो बोलत होता, मी दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा बिस्किटं आणायला उठलो. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक आलं, मी त्याला अर्धा तास बसवून ठेवलं. दोन बल्ब घ्यायला आला होता बिचारा.

४ फेब्रु., बुध.
तोंडानं जमत नाही. उत्तम खुर्चीत बसल्यावर मी दार लोटलं, हेडफोन त्याच्या कानाला लावले आणि बटण दाबलं. मी समोर बसलो. ऐकू त्याला येत होतं, मला नाही, पण कुठल्या सेकंदाला काय आहे ते मला पाठ होतं. दोन मिनिटांवर त्याचा हात बशीवरून उठला आणि पुन्हा बशीवरच आला. तीन-पंचवीसला व्हरांडा. तिथं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

संपलं. हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले, वायर गुंडाळून. मी तयार होतो, मारलं असतं तरी.

"ती काय म्हणली होती, पुन्हा सांग."

मी सांगितलं.

"तसं नाही. ती म्हणली तसं."

मी घसा साफ केला, तिच्यासारखा, आणि तिच्या आवाजात सांगितलं. मला आवाज काढता येतात, लोक लग्नात सांगतात काढायला. काय सांगून राह्यला रे सुख्या. उत्तमनं डोळे मिटले. "पुन्हा," म्हणाला. पुन्हा सांगितलं.

"हसली होती म्हणतं?"

हो म्हटलं. हसली होती.

उठला. पाय घासत गेला, वळणापर्यंत ऐकू येत होतं, मग गिरणी चालू झाली. चहा तसाच. साय धरली होती.

६ फेब्रु., शुक्र.
उत्तम नाही. काल नाही, आज नाही. चार वाजता मी दोन कप सांगितले आणि दोन्ही प्यालो.

प्रज्ञाचा मेसेज: काका 'शेवट' राहिला फक्त. तिला माहीत आहे की नाही, तेवढ्या अक्षरांवरून कळत नाही. आवाज असता तर कळलं असतं.

त्यांच्या घरावरून गेलो. दाराला पडदा. भिंत दिसली नाही. हाक मारायची होती, घसा साफ केला, आणि मलाच दचकायला झालं. निघून आलो.

८ फेब्रु., रवि.
'शेवट' कसा करावा सुचेना, म्हणून किसनबापूकडे गेलो. खालच्या वस्तीतला आता तोच एक जुना उरला, ऐंशीच्या पुढचा, पण डोकं शाबूत. त्याला विचारायचं होतं, माझा आवाज ऐकून आधी कोण निघालं. तेवढं तरी गोष्टीला खरं मिळेल.

बापू उन्हात बसून पाय शेकत होता. हसला. "तुया भोंगा? आमी तं सकाळीच निंगालो होतो बाप्पा. नाल्याचं पाणी लाल झालं, गुरं दावं तोडून राह्यली. दहाच्या आत सारे शाळेत. तुयी जीप तं दुपारची."

मग शेवंता मावशी?

ती सकाळी गावातच नव्हती म्हणाला. लेकीकडं बाजारहत्नूरला गेली होती, म्हणून कोणी तिच्या दारात गेलं नाही. दुपारच्या बसनं आली असन. घर बंद, शेजार बंद, इचारणार कोणाले.

मी म्हटलं, बापू, एकवीस वर्षांत हे सांगितलं काऊन नाही.

"तुया गळ्यात हार घातले लोकाइनं. तू खुश होता. आपलंच पोरगं. आमचं काय जात होतं?"

घरी आलो. एक मिनिट नुसतं रेकॉर्ड केलं. अठ्ठावीसला घसा आहे. एकतीसला काही नाही. पुन्हा ऐकलं, काही नाही. मावशी थांबली आहे, उत्तराची वाट पाहत असावी तशी.

उत्तमला हेही सांगायचं आहे. हेडफोन न घेता. चार वाजायला वीस मिनिटं आहेत. आला नाही तर मी जातो. निर्मला म्हणते चप्पल घाला, मी येते वळणापर्यंत.

पाटीवरची ओळ अजून तशीच आहे. जीप वस्तीत शिरली तेव्हा एकतीसपैकी तीस घरं रिकामी होती. तिथं माझा आवाज एकाच माणसानं ऐकला.